दाराजवळची बादली

चौथी कात टाकून अळ्या उठल्या आणि घरातल्या माणसांची झोप उडाली. रेशमाच्या अळीचं असंच असतं. पहिले काही दिवस तिला लाडात, कोवळं पान बारीक चिरून द्यावं लागतं, आणि शेवटच्या आठवड्यात ती अशी खात सुटते की पाला टाकून पाठ फिरवावी तर मागे नुसत्या काड्या उरलेल्या. "जावई परवडला," आबा म्हणायचे. "तो निदान जेवून झोपतो."

यंदा खाणारी तोंडं तयार झाली आणि पाला मात्र गेला. बारा दिवसांपूर्वी भर दुपारी अर्धा तास गारा पडल्या, आणि घरामागची तुती अंगावरचं सगळं टाकून काड्यांनी उभी राहिली. दादा त्या काड्यांकडे बघत बांधावर बसून राहिला. शेवटी ओढ्यापलीकडच्या मळ्यात गेला. तिथे गारांनी वाट चुकवली होती. मळेवाला पन्नाशीचा, गोडबोल्या, सगळ्यांच्या अडीनडीला पुढे. "लागेल तेवढा पाला न्या की," म्हणाला. त्याला सगळे पलीकडचे भाऊ म्हणायचे. त्या दिवशी तर घरात त्याचं नाव देवासारखं घेतलं गेलं.

शेडचा एक नियम होता, आणि त्यापुढे घरात कुणाचं काही चालत नसे. बाहेरचं काहीही आत जायचं नाही. अळीला रोग लागायला बोटावरची धूळ पुरते. म्हणून दारात चुन्याचं ताट, त्यात पाय बुडवायचे. शेजारी ब्लिचिंगच्या पाण्याची बादली, तिथे हात धुवायचे. मळ्यातून आलेल्या माणसानं आधी मोरीत जाऊन अंग धुवायचं, कपडे बदलायचे, आणि अंगावरचे कपडे दुसऱ्या मोठ्या बादलीत टाकायचे, ती पण ब्लिचिंगचीच. या सगळ्यावर पहारा आईचा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला रॅकपाशी उभं राहवत नसे, म्हणून ती दाराशी स्टूल टाकून बसायची आणि आल्यागेल्याचे पाय बघायची. एकदा पाहणीला आलेल्या साहेबाला तिनं बूट काढायला लावले होते. "सून घरात आली तेव्हा एवढी तपासणी नव्हती झाली," असं वहिनीच म्हणायची, आणि आई म्हणायची, "म्हणून तर शहाणी झाले."

घरात दादाची धाकटी बहीण, म्हणजे वहिनीची नणंद होती, विशी ओलांडलेली. तिचं नाव टकळी पडलं होतं, कारण तोंड कधी बंद नसायचं. पाला तोडताना बोलायची, टाकताना बोलायची, बोलायला माणूस नसेल तर अळ्यांशी बोलायची. वहिनीला लग्न होऊन चार वर्षं झाली होती. या घरात पहिल्या दिवशी ज्या पोरीनं तिला उगाच हसवलं होतं ती ही. त्यानंतर दोघी एकमेकींच्या आडून कितीदा तरी आईची बोलणी चुकवत आल्या होत्या.

अळ्या उठल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दादा चंद्रिका आणायला गेला. चंद्रिका म्हणजे जाळीच्या चौकटी, अळ्या कोष विणायला लागल्या की त्यांना त्यावर सोडतात. पाला तोडायला टकळी एकटीच निघाली. वहिनी म्हणाली, "थांब, मी येते तासाभरात."

"तासाभरात ह्या मला खाऊन टाकतील," टकळी म्हणाली आणि दोर खांद्यावर टाकून गेली.

ती परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. वहिनी आत रॅकमधल्या काड्या उचलत होती. बाहेर पत्र्याखाली भारा टाकल्याचा धप्प आवाज आला. वहिनीनं मान वर केली नाही. "आलीस? किती वेळ गं. पाय धू, अंगावर पाणी घे, कपडे बादलीत टाक आणि ये पटकन, ह्या बोंबलतायत."

मोरीत पाणी पडत राहिलं. फार वेळ पडत राहिलं. आईनं स्टुलावरून हाक मारली, "अगं, टाकी संपवतेस का?" मग पाणी थांबलं. आई काठी टेकत उठली, मोरीबाहेर पडलेले कपडे रोजच्यासारखे उचलले आणि मोठ्या बादलीत दाबले.

टकळी आत आली. हात बुडवले, पाय बुडवले, रॅकपाशी उभी राहिली. आत उरलेल्या फांद्या उचलून पसरायला लागली. एकच फांदी तिनं तीनदा उचलली आणि तीनदा तिथेच ठेवली. वहिनीला आधी कळलं ते हे की शेडमध्ये फक्त अळ्यांचा आवाज येतोय.

"काय गं? तोंडाला कुलूप?"

"वहिनी, मी उद्यापासून पलीकडे जाणार नाही."

"का? काही बोलला का तो?"

"बोलला नाही," टकळी म्हणाली. "मोटरच्या खोलीत..." पुढचं तिनं फांदीकडे बघून सांगितलं. चारच वाक्यं होती. चौथं सांगताना तिनं एक खाली पडलेली अळी उचलून पानावर ठेवली.

वहिनीच्या हातातल्या काड्या खाली पडल्या. तिला वाटलं ओरडावं, आणि ओरडली असती तर ही पोर तिथेच मिटून गेली असती. तिनं हात पुढे केला, पण धरला नाही. "जवळ येऊ?" तिनं विचारलं. टकळीनं मान डोलावली. मग वहिनीनं तिला कवेत घेतलं. ओल्या केसांना साबणाचा वास येत होता आणि मानेच्या मागे बोटांचे लाल ठसे होते.

"तुझी काही चूक नाही," वहिनी म्हणाली. "ऐकतेस? काडीचीही नाही."

"मी दोर तिथेच टाकून आले," टकळी म्हणाली. "आबांचा नवा दोर होता."

"खड्ड्यात गेला दोर."

"पण भारा आणला. ह्या उपाशी राहिल्या असत्या." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

वहिनीला एकदम कपडे आठवले. ती अनवाणी बाहेर धावली. आई मोठ्या बादलीपाशी खाली बसून ड्रेस पिळत होती. निळा ड्रेस जागोजागी पांढरा पडायला लागला होता.

"आई, नका!"

"काय झालं धावायला?"

वहिनीनं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच मघाचा आवाज ऐकू येत होता. अंगावर पाणी घे, कपडे बादलीत टाक. आईच्या हातातून ड्रेस गळून पाण्यात पडला. ती त्या बादलीकडे बघत राहिली, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी पिळला गं," ती म्हणाली. "माझ्या हातांनी पिळला."

"धुवायला मी सांगितलं, आई."

वहिनीनं नर्सताईला फोन लावला. आठवड्यातून दोनदा दवाखान्याच्या पेट्या घेऊन येणारी ही बाई वहिनीला आवडायची, कारण ती लहान मुलांनासुद्धा विचारून सुई टोचायची. नर्सताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी निघाले. अर्ध्या तासात पोचते. आता तिला आणखी अंघोळ नको, पण झाली ती झाली, त्यावरून घरात एक शब्द नको. कपडे आहेत तसे राहू द्या. आणि ऐका, औषधं तीन दिवसांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. तक्रार करायची की नाही ते ती ठरवेल. उपचार त्यासाठी अडत नाहीत. हे तिला सांगा, माझं नाव घेऊन सांगा."

दादा चंद्रिका घेऊन आला तेव्हा आबाही शेतातून आले होते. ओसरीवर सगळं सांगून झालं. दादा आत गेला आणि विळा घेऊन बाहेर आला.

"कुठं निघालात?" वहिनी आडवी आली.

"तुला माहीत आहे."

"अहो, तुम्ही त्याला मारून आत जाऊन बसाल. मग हिच्याबरोबर दवाखान्यात कोण येणार? तिला आज भाऊ पाहिजे. विळे तर घरात सात आहेत."

दादा उभाच राहिला. मग विळा खाली ठेवून भिंतीला टेकून बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडला.

आबा इतका वेळ जमिनीकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता, पण चाळीस वर्षं शेतीत घालवलेल्या माणसाला संकट आलं की आधी पीक दिसतं. ते हळूच म्हणाले, "चार दिवस काढू. अळ्या चंद्रिकेवर गेल्या की सगळेच जाऊ. आज त्याच्याशी वाकडं घेतलं तर पाला बंद. घरात काहीच उरणार नाही."

दारात बसलेली टकळी म्हणाली, "आबा बरोबर म्हणतात वहिनी. राहू दे. किडे मरतील."

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली, पण तिनं तोंड उघडायच्या आत आई बोलली. लग्नापासून आजवर चारचौघांत तिनं नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

"किडे मेले तर पुढच्या महिन्यात पुन्हा अंडीपुंज आणू," आई म्हणाली. "रेशीम केंद्रात मिळतात. पोरगी कुठल्या केंद्रातून आणणार तुम्ही?"

आबांचा चेहरा उतरला. ते उठले, आत जाऊन पेलाभर पाणी आणलं आणि टकळीच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले. ती दचकून मागे सरकली. हात तसाच हवेत राहिला. आबांनी तो मागे घेतला, पेला तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. "चुकलो गं बाळा," ते म्हणाले. "आत्ता जा. मी बघतो इथलं."

टकळीनं पेला उचलून पाणी प्यायलं.

नर्सताईची स्कूटर आली तेव्हा आई अजून बादलीपाशीच होती. रोज सगळ्यांचे कपडे तीच हाताळायची, त्यामुळे कुणाचं काय बादलीत आलं आणि काय नाही हे तिला न बघता कळायचं. ती एकदम म्हणाली, "हिची ओढणी कुठाय? बादलीत नाही. मोरीत नाही."

टकळीनं पत्र्याखाली बोट दाखवलं. "दोर राहिला ना तिकडे. भारा ओढणीनं बांधला."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. भारा तसाच पडला होता, न सोडलेला. पिवळ्या ओढणीच्या गाठीत पानं अडकली होती आणि एका बाजूला ती उभी फाटली होती. नर्सताई जवळ गेली, वाकून बघितलं, हात लावला नाही. "ही कुणी सोडू नका," ती म्हणाली. "भारा जसा आहे तसाच न्यायचा."

आईनं डोळ्याला पदर लावला.

दादाच्या मोटरसायकलवर बसायला टकळीला नको होतं. भाऊ असला तरी आज नको होतं. तिनं ते सांगितलं नाही, पण वहिनीला दिसलं. मग नर्सताई स्कूटर चालवायला, मध्ये टकळी, मागे वहिनी तिला घट्ट धरून, आणि बऱ्याच अंतरावरून पाल्याचा भारा मागे बांधलेला दादा, अशी ती वरात निघाली. ओढ्याचा पूल आला तेव्हा टकळीनं डोळे मिटले. वहिनीनं तिच्या कानाशी पुढचा सगळा रस्ता सांगितला: आता चढ, आता वळण, आता गिरणी, गेला गं मळा, उघड डोळे.

मोठ्या दवाखान्यात दारावरच्या शिपायानं भारा पाहून विचारलं, "बैल दाखल करायचाय का?" दादानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. पुढचे तीन तास दादा बाकावर भारा शेजारी ठेवून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पानं लागू नयेत म्हणून तो पाय पोटाशी घेऊन बसला होता.

डॉक्टरीणबाई जाड चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. दार लावलं, पडदा ओढला, आणि प्रत्येक गोष्टीआधी एकच विचारत राहिल्या. "आता मान बघते, चालेल का? आता रक्त घेते, चालेल का? वहिनींनी थांबायचं की बाहेर जायचं?"

"वहिनी थांबू दे," टकळी म्हणाली. बाकी सगळ्याला ती चालेल म्हणत गेली. वहिनीच्या हातात तिची बोटं होती. मध्येच ती बोटं आवळली गेली आणि टकळी म्हणाली, "नाही. थांबा."

डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे दोन्ही हात मागे घेतले. मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून त्या स्टुलावर बसल्या. "थांबले," म्हणाल्या. "तू सांगशील तेव्हा. नको म्हणालीस तर इथंच संपवू."

टकळी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. इथे 'थांबा' म्हटल्यावर कुणी थांबतं, हे तिला पुन्हा बघायचं होतं बहुतेक. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "करा आता." थोड्या वेळानं पुन्हा, "थांबा." बाई पुन्हा थांबल्या.

गोळ्या मिळाल्या, आता घ्यायच्या आणि महिनाभर घ्यायच्या अशा. ओढणी डॉक्टरीणबाईंनी स्वतः सोडली आणि कागदी पाकिटात ठेवली. धुतलेल्या ड्रेसवर वहिनी अडखळत बोलायला लागली, "मीच सांगितलं हो तिला, आमच्याकडे असं असतं की बाहेरून आलं की..."

"तोही ठेवून घेऊ," बाई म्हणाल्या. "आणि ब्लिचिंगनं कपडे पांढरे पडतात. तिचं सांगणं खोटं पडत नाही."

दवाखान्यातच एका छोट्या खोलीत आणखी एक बाई होत्या. त्यांचं काम नुसतं सोबत बसायचं आहे असं आधी वहिनीला वाटलं. पण त्यांनी टकळीला पुढचं सगळं समजावलं: तक्रार केली तर काय काय होईल, कोण काय विचारेल, किती वेळ लागू शकेल, आणि नाही केली तरी ही खोली तिच्यासाठी उघडीच राहील. "आज ठरवलं पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या. "पण कधीही आलीस तरी जबाब एकदाच, बसून, पाणी पीत. आणि मी शेजारी."

त्या रात्री दोघी दवाखान्यातच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरून घेताना टकळी म्हणाली, "वहिनी, मी तक्रार करणार. आबांचा दोर तिथे पडलाय. तो मी तिथे का टाकून येईन?"

घरी इकडे आबांनी उरलेला पाला टाकला आणि बघता बघता तो संपला. पलीकडच्या मळ्याकडे त्यांनी पाठ केली. कुणाकडे पानभर काही मागितलं नव्हतं आयुष्यात, पण खांद्यावर रिकामं पोतं टाकून ते टेकडीवर गेले, सगळं गाव जिला मावशी म्हणायचं तिच्याकडे. या मावशीची तुती गारांतून अर्धी वाचली होती, पण तिच्याही अळ्या शेवटच्या आठवड्यातच होत्या. गावात ती फटकळ म्हणून प्रसिद्ध. माणसं तिच्या दारावरून जाताना चप्पल वाजवत नसत.

"पाला पाहिजे होता," आबा म्हणाले.

"पलीकडच्यानं बंद केला?"

"आम्हीच बंद केला." आबांनी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पोरीला दवाखान्यात नेलंय."

मावशीनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिनं काय ओळखलं, कुठून ओळखलं, कुणास ठाऊक. विळा उचलून ती स्वतःच तुतीत शिरली. "पोतं काय आणलंय, चादर आणायची," ती आतून ओरडली. "माझ्याही अर्धपोटी राहतील, तुमच्याही अर्धपोटी राहतील. आणि ती आली की सांगा, मी येते. बोलायला नाही हो. नुसती बसायला."

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सताईची स्कूटर परत आली. तक्रार झाली होती. मोटरच्या खोलीत दोर सापडला होता आणि पोलीस पलीकडच्याला चौकशीला घेऊन गेले होते. पुढे लांबलचक वाट आहे हे सगळ्यांना सांगून झालं होतं. तारखा पडतील, लोक बोलतील. दवाखान्यातल्या त्या बाईंचा नंबर टकळीनं पाठ केला होता.

टकळी अंगणात उतरली. अंगावर वहिनीची साडी, हात कोपरापर्यंत लाल. दवाखान्यात ती सारखी हात धूत होती. धुऊन झाले की पुन्हा धूत होती. वहिनीनं किती सांगितलं तरी ऐकत नव्हती.

शेडमधून आवाज येत होता, पण पूर्वीसारखा नव्हता, अर्धाच. काही अळ्यांनी खाणं सोडून डोकी वर उचलली होती, चंद्रिका मागत होत्या. टकळीनं ते बाहेरूनच ओळखलं. पाय आपोआप शेडकडे वळले आणि आपोआप मोरीपाशी थांबले. तिनं बाह्या वर केल्या.

"कुठं निघालीस?" दारातून आई म्हणाली.

"धुऊन येते."

"नको."

टकळीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. आई स्टुलावर नव्हतीच. तिनं ती मोठी बादली रिकामी करून उंबऱ्याशी पालथी घातली होती आणि तिच्यावर बसली होती. काठी टेकून ती उठली, बादलीवर पदर झटकला.

"बस आधी. दम खा. मग आत जा."

"पण मी बाहेरून आलेय आई. दवाखान्यातून. किड्यांना रोग लागेल."

"लागू दे."

"कोष हलके येतील."

"तसेही हलकेच यायचेत. मावशीच्या पाल्यावर अर्धपोटी जगलेत." आईनं तिचे लाल झालेले हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. रोज सगळ्यांचे पाय तपासणारी ही बाई तळव्यांवर गाल टेकवून रडली. "माझी पोर काही घाण घेऊन आलेली नाही. तशीच ये. मी दारात असेपर्यंत तशीच येत जा."

टकळी पालथ्या बादलीवर बसली. वहिनी तिच्या पायाशी जमिनीवर बसली. आबा आणि दादा चंद्रिका उचलत होते ते थांबले आणि लांबूनच उभे राहिले.

मग टकळी उठली आणि कोरड्या हातांनी, न धुतलेल्या पायांनी शेडमध्ये गेली. पहिल्या रॅकमधली एक कोषाला आलेली, पिवळसर झालेली अळी तिनं दोन बोटांत उचलली.

"काय गं," ती अळीला म्हणाली, आवाज बसलेला, पण तिचाच, "मी नव्हते तर वाळलीस की. चल, तुला वर ठेवते."

बाहेर आईनं वहिनीचा हात घट्ट धरला. आत टकळी दुसऱ्या अळीशी बोलायला लागली होती.